धूर कुणाचा

मंगळवारी आणि शुक्रवारी, बर्नली लायब्ररीच्या वरच्या मजल्यावर
क्लिफर्ड ऑरमरॉडचे फोटो माझ्यापुढे येतात.
बुटांच्या खोक्यात, रबरबँड लावलेले.
रबरबँड बोट लागताच तुटतात.
मागे पेन्सिलीने: रोझ ग्रोव्ह शेड. कधी तारीख,
कधी नुसतंच, 'पाऊस'.

तीस वर्षं मी इथल्याच इस्पितळात एक्स-रे काढले.
निदान डॉक्टरांचं; दिसायचं मात्र आधी मला.
काळोख्या खोलीत, ट्रेमधल्या पाण्यातून वर येणारं हाड,
आणि बाहेर बाकावर तो माणूस,
ज्याला अजून काहीच ठाऊक नाही.
हाताची सवय सुटत नाही. भिंग उचलते.

हे इंजिन बघा. कपाळावरची नंबरपाटी गेलीय,
तिच्या जागी खडूचे आकडे, शाळकरी, आठाचं पोट फुगलेलं.
अंगावर पितळेचा एक तुकडा उरला नाही,
लंकेची पार्वती.
चोरांनी नेलं की वेड्या चाहत्यांनी,
फोटोत दोन्ही भोकं सारखीच दिसतात.
पुढच्या दाराच्या खालच्या कडेला रंग भाजून उडालाय:
आत हवा शिरतेय,
म्हणजे दार घट्ट बसत नाही,
म्हणजे ते घट्ट बसवायला आता कुणाला सवड नाही.
बॉयलरवरून पांढरे ओघळ. गळत्या पाण्यातला चुना.
रोगी चालता आहे, पण त्याच्याबद्दल ठरून गेलंय.

या दुसऱ्यावर तारीख नाही.
पण मागे गिरण्यांची अकरा धुराडी, आणि धूर एकीलाही नाही.
म्हणजे जुलै. बर्नलीची जत्रा, गिरण्या बंद,
सारं गाव ब्लॅकपूलच्या वाळूत.
रिकाम्या गावात क्लिफर्ड एकटाच,
पुलावर, शनिवारच्या कोटात.
असं काही सापडलं की मी मनातल्या मनात टाळी देते.

एकेचाळीस नंबरच्या मागे लिहिलंय: शेवटची फेरी.
इंजिन थेट आपल्या अंगावर येतंय,
डोक्यावर धुराचा लोट, खिडकीतून एक पोरगा वाकलेला.
मी नोंदलं: स्वतःच्या वाफेवर, वेगात.

नॉर्मन व्हिटम शुक्रवारी पेपर वाचायला येतात, पूर्वी फायरमन.
चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी फोटो नाकाशी धरला.
"दांडा कुठाय, बाई?"
चाकांना फिरवणारा तो लांब दांडा.
नव्हता. मागे कोळशाच्या जागी
दोरीने बांधून ठेवलेला.
मोडलेली हाडं शोधण्यात जिचा जन्म गेला,
तिला अख्खं हाडच नाहीसं झालेलं दिसलं नाही.

"आणि दिवा बघा. एकच, मधोमध.
तो शेपटीचा. काळ्यापांढऱ्यात लाल दिसत नाही."
ते येत नव्हतं. जात होतं.
तोंड आपल्याकडे करून, पाठमोरं ओढलं जात,
भंगाराच्या रांगेत सगळ्यात शेवटी.
"धूर?"
"तो पलीकडच्याचा, जो ओढतोय त्याचा."

मग हा पोरगा कोण, मी विचारलं.
मेलेल्या इंजिनातही एक माणूस बसवायचे, ते म्हणाले,
ब्रेकसाठी, तेलासाठी. वीस वर्षांचा होतो.
ऑगस्ट होता, पण आत विस्तव नाही ना,
लोखंड असलं गार, की डबा उघडायला बोटं वळेनात.
वाकलो होतो ते ऊन घ्यायला.
हा गडी मला हात करतोय असं समजला असणार.

चहा निवला होता. दुसरा केला.
नोंद खोडली. दिशा: जाणारं. धूर: दुसऱ्याचा.
'खिडकीत' यापुढे नाव लिहिलं,
स्पेलिंग त्यांनीच सांगितलं, एच दोनदा येतो म्हणाले.

चाकापाशी एक पांढरा ठिपका आहे.
निगेटिव्हवरची धूळ असेल, किंवा कुठेतरी उरलेली वाफ.
भिंगाखाली अर्धा तास धरला.
तिथे प्रश्नचिन्ह ठेवलंय.