सरळ

मीच म्हणालो होतो, दोन्ही हात आडवे धरून,
सूर कसा पाणसळीवर ठेवल्यासारखा हवा.
चारशे वर्षांची जुनी प्रार्थना आहे ही,
दगडी छताखाली एक आवाज जरी हलला
तरी सगळी वीण उसवते.
नाव घेतलं नाही मी कुणाचं.
बत्तीस जणांनी माना खाली घातल्या
आणि एकतिसांनी सुटकेचा श्वास सोडला.

आउने. वय त्र्याहत्तर.
तरुणपणी तुर्कूच्या रंगमंचावर संगीतिका गायची,
तेव्हा हाच कंप ऐकायला
बंदरावरचे हमाल बूट पुसून येत म्हणे.
आता तो रुंद झालाय.
बिजागरी झिजलेल्या फाटकासारखा
सुराच्या अलीकडे येतो, पलीकडे जातो,
मधे म्हणून थांबत नाही.

'रविवारी तू नुसते ओठ हलव,'
एवढंच सांगायला मी राउमातल्या तिच्या लाकडी घरी गेलो.
बाहेर उणे अठरा. दार नुसतं लोटलेलं.

स्वयंपाकघरात ती फ्रिजसमोर उभी होती,
तळहात त्याच्या दारावर, डोळे मिटलेले,
त्याच्या घुंईशी आपला सूर जुळवत.
"बरा गुरू मिळालाय," म्हणाली,
"हलत नाही, आणि उगाच शालीनपणे बोलतही नाही."
आणि पुन्हा लावला.
सरळ. खरंच सरळ.

ती स्थिर, यंत्र स्थिर,
आणि तरी दोघांच्या मधली हवा
थडथड उडत होती,
मनगटावर बोट ठेवल्यासारखी.
"आता हे कोण करतंय?"
तिनं एक डोळा उघडून विचारलं.

उत्तर मला ठाऊक होतं. पहिल्याच वर्षी शिकवतात:
दोन सूर जवळजवळ एक असले,
पण नसले,
की उरलेलं अंतर धडधडतं.
मी बोललो नाही.
वेलदोड्याचा पाव मोडत राहिलो,
खाल्ला मात्र नाही.

मग फ्रिज अंग झटकून एकदम गप्प झाला.
आत बाटल्या किणकिणल्या.
ती थांबली नाही.
एकटीच पुढे निघाली, दोन श्वास सरळ,
तिसऱ्याला फाटक हललं:
अलीकडे,
पलीकडे,
कुणी नुकतंच आत आल्यासारखं
किंवा बाहेर गेल्यासारखं.

मी कॉफीत साखर ढवळत होतो,
कितीतरी वेळ.
साखर मी घेत नाही.