सुतळीचं दार

अल रम्सच्या जेट्टीवर मी मासे मोजते.
लाकडी फळी, तिच्यावर पितळी पट्टी,
शून्यावर तोंड टेकवायचं
आणि शेपटी जिथे संपते तो आकडा वहीत.
आई फोनवर विचारते, मोजून मोठे होतात काय गं?

संस्थेचं नाव तीन भाषांत आहे, तिन्हींत लांब.
टोपीवर मावेना म्हणून नुसती एक लाट काढली.
जगभर आमच्यासारख्या पुष्कळ:
कुणी कासवाच्या पाठीवर यंत्र डकवतं,
कुणी सेनेगलच्या कोळणींना वजनकाटे देतं,
कुणी फक्त अहवाल काढतं, गुळगुळीत कागदावर,
ज्यात बांगडासुद्धा गुंडाळता येत नाही.
मार्चमध्ये सगळे दोहाला जमलो.
जेवणात अख्खा हामूर आला, लिंबाच्या चकत्या पांघरून.
वितीने अंदाज घेतला. छत्तीस.
पंचेचाळीसच्या आतला धरायचा नसतो.
कुणाला बोलले नाही. खाल्ला. चांगला होता.

हामूर म्हणजे आमच्याकडचा हेकरू.
आधी मादी असतो, वय झालं की नर होतो.
छोटे धरलेत तर आया जातील, मोठे धरलेत तर बाप,
हे मी नाखुदा खल्फानना समजावलं, तर म्हणाले,
मग मधले धरतो. माझ्या मुलांसारखे,
कसल्याच कामाचे नसलेले.

नाखुदा. आमचा नाखवा.
शब्दसुद्धा कधीतरी याच पाण्यावरून आला असेल.

गरगूर म्हणजे तारेचा घुमट, कमरेइतका उंच.
आत शिरायला नळी, बाहेर यायला काही नाही.
एखाद्या टँकरने दोर कापला की तो हरवतो.
हरवतो म्हणजे आपल्यापुरता.
खाली तो धरतच राहतो:
अडकलेला मरतो, त्याच्या वासाने दुसरा येतो,
दुसऱ्याला खायला तिसरा.
जुम्म्यालाही सुट्टी नाही.

परवा रोवेना बुडी मारून एकाला दोर बांधून आली,
नूरनबीने ओढला.
तीन साफी जिवंत, एक खेकडा,
आणि तळाशी काटेच काटे,
चाळणीत उरलेल्या कोंड्यासारखे.
पट्टीवरचं शेवाळ खल्फाननी अंगठ्याने खरवडलं.
नंबर त्यांचाच.
धाकटीच्या लग्नाच्या साली गेलेला.
तिचा मुलगा आता शाळेत जातो.
ते खाली वाकून बराच वेळ मोजत बसले,
माझ्या पट्टीशिवाय.

संस्थेचं म्हणणं इतकंच की गरगूरला एक दार कापा
आणि ते सुतळीने बांधा.
हरवलाच, तर दोन-तीन महिन्यांत सुतळी कुजेल
आणि दार आपलं आपण उघडेल.
दोन वर्षं खल्फान हसत होते:
बापाने मला न सुटणाऱ्या गाठी शिकवल्या,
आणि ही पोर कुजकी दोरी घेऊन आली.

इथल्या दुकानात सगळं नायलॉन.
सुतळी आईने हर्णैहून पाठवली, वाण्याकडची,
गुंडीला सोड्यांचा वास.
सोबत निरोप: आपल्याकडे कसली संस्था नव्हती,
नारळी पुनवेपर्यंत होड्या वर असायच्या, एवढंच.
हे ती सांगते.
आता तिथे रात्री एलईडी लावून मासा गोळा करतात
हे सांगत नाही.
त्यातल्याच एका बोटीवर माझा भाऊ आहे.
माझी फी त्या उजेडातून आली.
वहीत त्याला रकाना नाही.

आज खल्फान दारं बांधायला बसले.
हात ऐकत नव्हते, सवयीने दुहेरी गाठ मारत होते,
नूरनबी शेजारी बसून सोडत होता.
एकच, नाखुदा, एकच.
चाळिसावं बांधून झालं तेव्हा उन्हं डोंगराला लागली होती.
सुतळीचं टोक दातांनी तोडून त्यांनी विचारलं,
आणि नाही कुजली तर?

कुजेल, मी म्हटलं.
आमच्या घरची आहे.