चार बोटं

टेपचं एक टोक साहेबांच्या हातात,
दुसरं माझ्या.
मधे आमची होडी, तारामुंबरीच्या वाळूवर पोट टेकून,
दवाखान्यात आणलेल्या म्हातारीसारखी गप्प.

साडेआठ मीटरच्या आत, तर खाडी तुमची,
बाहेर जायचं नाही.
बोटभर जरी वर, तर परवाना वेगळा, फी वेगळी,
आणि खाडीत जाळं टाकायचं नाही.
असं साहेबांनी वाचून दाखवलं,
चष्मा कपाळावर, कागद वाऱ्यात फडफडणारा.

बाबांना मीटर कळत नाही असं नाही.
पण विचारलं तर सांगतात, अठरा हात, दीड वीत.
ही सगळी लांबी पहिल्यापासूनची नव्हे.
कुणकेश्वराकडून येताना खडपावर नाळ फुटली,
तेव्हा बाबल मेस्त्रीने उंडीचा तुकडा जोडला.
जोडताना म्हणाला,
"ऱ्हवांदे वायच लांब. दर्याक नाक दिसूक व्हया."

तेच नाक आज आडवं आलं.

"नाळेवर घट्ट धर गं," साहेब मागून ओरडले.
मी धरलं.
शेंड्यापासून चार बोटं अलीकडे,
आणि वरून मूठ झाकली.
बाबा समुद्राकडे बघत राहिले,
जणू तिकडून कोणी हाक मारली.

"आठ एकोणपन्नास."
साहेब चालत पुढे आले, माझ्या मुठीकडे पाहिलं.
मग विचारलं, कितवीत आहेस?
"नववीत."
लिहिलं त्यांनी.
नववीत नव्हे, आठ एकोणपन्नास.

घरी कोणी शाबासकी दिली नाही.
आईने माझ्या ताटात चार सुंगटं जास्त वाढली, एवढंच.

दिवाळीच्या आधी बांगडा लागला.
खाडीच्या तोंडाबाहेर, दहा वाव पाण्यात,
किनाऱ्यावरून दिसावा इतका, पाणी काळंनिळं करून.
कोयंड्यांची नऊ मीटरवाली एका रात्रीत दोनदा भरून आली.
लिलावाचा आवाज आमच्या पडवीपर्यंत.
आमची होडी आत, खुंट्याला,
नाळेवर नवा पांढरा नंबर,
रंगाचा वास अजून गेला नव्हता.

बाबा तिच्याजवळ उकिडवे बसले होते.
मी चहा घेऊन गेले, तर
उंडीच्या तुकड्यावर त्यांनी बोटं आडवी ठेवलेली,
मी धरलं होतं नेमकी तिथपर्यंत.

त्यांची बोटं जाड.
तीनच मावली.