पाचवा बाण

फेस्ताच्या आदल्या रात्री
चिंबईच्या कपेलात एर्मेलीनबाय
सेबास्त्यावच्या अंगातले बाण उपटते,
पाच, पत्र्याचे. चिंचेने घासते.
बत्तीस वर्षं भाभात ड्रेसिंग केलेलं,
बोट अजून भोकाच्या कडेवरून
हळूच फिरतं.

"मेला नव्हता हां तो बाणांनी,"
मला मेणबत्ती धरायला लावून सांगते.
"एका विधवेने घरी नेला, बरा केला.
तर परत उभा राहिला बादशहाच्या वाटेत,
तोंड वर करून.
मग सोट्यांनी मेला."

त्या विधवेचं फेस्त आमच्याकडे नाही.

फुग्यांचं पीठ घरी वर आलं असेल.
चार बाण ती परत खोचते.
पाचवा, बरगडीतला,
लुगड्याच्या ओच्यात.

"फादर विचारतील," मी म्हणते.
"विचारू दे.
एक रात तरी कुशीवर झोपू दे पोराला."