बाहीतली दुमड

ऑगस्ट संपत आला की हॅलिफॅक्समध्ये
घराघरात एकच हिशेब चालतो, ब्लेझरचा.
नवा, शाळेच्या दुकानात: बेचाळीस पौंड.
जुना, टेकडीखालच्या धर्मादाय दुकानात: चार,
वर खिशात कुणाचं तरी बसचं तिकीट
आणि अस्तराला चिकटलेली लिमलेटची गोळी.

मी चार दिले.
गोळी घरी येऊन चमच्यानं खरवडली.

रात्री जेवणाचं टेबल माझं.
हेरंब गोदामात खोकी मोजतोय, सकाळी सहापर्यंत.
तन्वयच्या बुटाचा तळ कालपासून डिंकात,
वर तांदळाची पाच किलोची पिशवी;
आज खिचडी केली तेव्हा बूट उचलून मग तांदूळ काढले.
दप्तराची चेन अडत होती, तिला मेणबत्ती घासली,
वाढदिवसाची, निळी, आकडा तीन.
कौमुदीच्या चष्म्याच्या दांडीत टूथपिकचं टोक,
स्क्रू मिळेपर्यंत.
स्क्रू कुठून मिळणार, हे घरात कुणी विचारत नाही.
आणि माझी पोत तुटली ती
दात साफ करायच्या दोऱ्यात ओवली मी, मणी मणी मोजून.
मंगळसूत्राला पुदिन्याचा वास येणारी बाई
अख्ख्या यॉर्कशायरमध्ये मी एकटीच असेन.

आता ब्लेझर.
बाही दोन बोटं आखूड.
कौमुदी म्हणाली, असू दे, मी हात मागे ठेवीन.
वर्षभर?
हात मागे ठेवीन ना, आई.
तेराव्या वर्षी मुली किती पटकन
आपल्याला स्वस्त पडायला शिकतात.

शेजारच्या डोरीननं अंगुस्तान दिलंय, तिच्या आईचं.
आई गिरणीत होती, तिच्या बोटांना बसायचं.
माझ्या बोटाला सैल, आत कापूस कोंबला.
त्या गिरणीत आता जिम आहे,
लोक संध्याकाळी जाऊन जागच्या जागी धावतात.

हेरंबच्या दाढीच्या पात्यानं बाहीची दुमड उसवली,
दोन बोटं मिळतील म्हणून.
आत कापडच नव्हतं.
माझ्याआधी कुणीतरी ते सोडलं होतं
अगदी काठापर्यंत,
आणि आतून पट्टी लावली होती, उशीच्या अभ्र्याची असावी,
फिकट पिवळी, बारीक फुलांची.
टाके इतके लहान की दिव्याखाली धरून बघावे लागले.
माझा धावदोरा त्यांच्यापुढे
घाईत लिहिलेल्या चिठ्ठीसारखा.

बराच वेळ नुसती बसले.
मग सुचलं:
ब्लेझरच्या पोटाशी, आतल्या बाजूनं
त्याच कापडाची रुंद पट्टी असते, कुणाला न दिसणारी.
ती कापली, बाहीला जोडली,
आणि पोटाच्या त्या जागी
हेरंबच्या तपकिरी पँटचा पाय.
बाहेरून काळ्याला काळं.
आतलं आतल्याला माहीत.
पिवळी फुलं होती तिथेच ठेवली, नव्या शिवणीच्या आत.

गळ्याशी नावाची फीत: जी. सटक्लिफ.
ती काढायची होती.
काढली तर भोकं दिसतील, हे एक कारण.
दुसरं मी स्वतःलाही नीट सांगितलेलं नाही.
खाली कौमुदीचं नाव लावलं, आडनावासकट,
फितीवर जेमतेम मावलं.

अकराला ती पाणी प्यायला उठली,
झोपेतच एक हात घालून बघितला,
दिव्याकडे सरळ लांब केला.
मनगट झाकलं.
मानेशी बोट फिरवत म्हणाली,
जी म्हणजे कोण?
कुणास ठाऊक, म्हटलं. तीही भराभर वाढत होती, एवढंच कळलं.

सुई उशीत टोचून ठेवली.
सकाळी हेरंब दमून येईल, अंघोळ करेल,
आणि कपाट उघडून विचारेल,
अगं, माझी ती तपकिरी पँट?

सांगेन, एक पाय शाळेत गेलाय.