उद्या नंदुरबार

रात्रपाळी गोकुळ बोरोलेला दिली,
बदल्यात त्याची लक्ष्मीपूजनाची पाळी माझ्या गळ्यात.
बायको म्हणाली, फार महाग पडतो तुमचा हा खेळ.
महाग तर महाग.
उद्या पहाटे भुसावळहून सुरत पॅसेंजर,
इंजिनापासून चौथा डबा, आम्ही एकोणीस जण:
अकरा खेळणारे, तीन राखीव,
एक कोच, जो एरवी शेडमध्ये फिटर आहे,
आणि चार आम्ही, नुसते ओरडणारे.

शिंदखेड्याला चहा बरा मिळतो.
दोंडाईच्याला मिरचीची पोती चढतील
आणि आमचा गोलकीपर सुभान तडवी शिंकायला लागेल.
गेल्या साली तो शिंकत शिंकतच मैदानात उतरला
आणि तीन गोल खाऊन परत आला.
लोक म्हणाले, मिरची बाधली.
मला विचाराल तर
दिलवर वसावे बाधला.

दिलवर वसावे. त्यांचा डावा विंग.
अक्कलकुव्याच्या वरचा पोरगा, चढावरच पळायला शिकला,
सपाटी म्हणजे त्याला सुट्टीचा दिवस.
बॉल काही त्याच्या पायाला चिकटलेला नसतो,
ओळखीच्या कुत्र्यासारखा सोबत चालतो,
मधेच मागे राहतो, पुन्हा येतो.
मी सव्वीस वर्षं सांधेवाला.
लिव्हर ओढायला दोन्ही हात लागतात,
पाय टेकवून अंग मागे टाकावं लागतं,
तेव्हा कुठे रूळ चार बोटं सरकतो
आणि पन्नास वाघिणींची मालगाडी निमूट वळते.
हा पोरगा नुसता खांदा झुकवतो
आणि आमचा आख्खा डिफेन्स
सायडिंगला जाऊन उभा राहतो.

कोचला मी तीनदा सांगितलं,
त्यांचं मैदान पूर्वेला उतरतं,
टॉस जिंकलो तर आधी उतार घ्या.
तो म्हणाला, "अन् दुसऱ्या हाफला काय करू भो,
मैदान फिरवू का?"
माझ्याकडे याचं उत्तर नाही.
बऱ्हाटेच्या गुडघ्याचंही नाही.
पण लेस्टर परवा प्रॅक्टिसला तीन कॉर्नर असे मारून गेला
की पाण्याच्या टाकीवरची कबुतरंसुद्धा उठली.
दोन-एक. मी दोन-एक म्हणतोय.
बायको म्हणते, गेल्या सालीही हेच म्हणत होतात.

तिखट पुऱ्या झाल्या, केळ्यांची फणी पिशवीत.
तिथले लोक आम्हाला केळीवाले म्हणून हिणवतात.
त्यात शिवी कुठली, मला अजून कळलेली नाही.
जुन्या चादरीवर शेडच्या रंगाने नाव लिहिलंय,
भुसावळचा 'ळ' कडेला दाटून बसला,
असू दे, लांबून वाचता येतो.

आता एक गोष्ट, जी डब्यात बोलता येणार नाही.
मला त्या पोराला बघायचंय.
एकदाच, दुसऱ्या हाफमध्ये, ऊन कललेलं असताना,
बॉल घेऊन तो आमच्या कडेने निघावा,
एक, दोन, तिसऱ्यालाही चुकवावं,
आमच्या चौघांचे घसे एकदम बंद व्हावेत,
आणि मग, एवढं सगळं झाल्यावर,
त्याने बॉल बारवरून मारावा.
एवढंच. फार मागत नाहीये.

गजर लावलेला नाही.
अडीचची मालगाडी गेली की मला झोप नसतेच.
परतीला डबा गप्प असेल किंवा फार दंगा असेल,
पुऱ्या संपलेल्या असतील,
सुभान खिडकीशी बसून नाक पुसत असेल,
आणि अमळनेर गेल्यावर कोणीतरी म्हणेलच,
"पण तो दिलवर..."

आणि पुढचं कोणी बोलणार नाही.