बाय हार्ट

आठवी ब. फळ्यावर लिहिलं: लर्न बाय हार्ट.
खाली अर्थ: पाठ करणे.
वाक्यात उपयोग करा, म्हटलं,
आणि वखारीकडची खिडकी लावून घेतली.
निपाणीत तंबाखूचा सीझन,
तिसऱ्या तासाला डोकं धरतंच.

मागच्या बाकावरनं सौंदर्या कमते उठली.
"पण बाई, त्यांचं हार्ट, आणि आपली पाठ का वो?
काळीज फुडं असतंय की."

वर्ग हसला. मीही हसले.
शब्दकोश सांगेल, हे दोन पाठ वेगळे,
एक वाचण्याचा, एक कण्याचा,
नात्यातलेसुद्धा नाहीत.
तेवढ्यात नोटिशीची वही घेऊन आलेला ईरण्णा
दारातनंच म्हणाला,
"आमच्यात बायिपाठ. बायि म्हंजे तोंड हां,
बाई न्हवं."

पुन्हा हसू. सही केली. खडू हातातच.

मला काय येतं बाय हार्ट?
कविता निम्मीअर्धी. पाढे सतरापर्यंत.
आणि सातगोंडाचा नंबर.
माझ्या पाठचा तो,
चिकोडीत कापडाच्या दुकानात होता.
गिऱ्हाईक समोर असताना घाईत सांगितलेला,
ओंबत्तु, एंटु, एंटु, सोन्ने...
म्हणून अजून कन्नडातच येतो.
मराठीत म्हणायला गेले
तर पाचव्या आकड्यावर अडते.

कंपनीनं तो आता दुसऱ्या कुणाला दिलाय.
गेल्या दिवाळीत लावून बघितला.
हुबळीकडची कुणी बाई.
"यारु?" म्हणाली. मागं कुकरची शिट्टी.
नंबर चुकला, मी म्हटलं.
एकही आकडा चुकला नव्हता.

सौंदर्या अजून उभीच.
काळजाचं आणि पाठीचं
मी काहीतरी सांगेन म्हणून.
पाठ सोडत नाही ते पाठ,
असं ओठांवर आलं होतं,
पण परीक्षेत मार्क कोण देणार त्याला?
"बस," म्हटलं, "वाक्य लिही."

वह्या तपासल्या रात्री.
चाळीस पोरांना तीच पोएम बाय हार्ट येते.
तिनं लिहिलं होतं:
माय मदर नोज ट्वेंटी-फाय बाय हार्ट.

पंचवीस काय, ते लिहिलं नव्हतं.
पालकसभेला आली होती तिची आई,
मांडीवर सूप घेऊनच,
माझ्याकडं बघत विड्या वळत होती,
आणि कट्टा भरला की
बोटं आपोआप
दोऱ्याकडं जात होती.

लाल पेनानं बरोबर केलं.